ससाण्याच्या नाकातलं सिमेंट

१

विमानाचं नाक उघडलं आणि आत सिमेंट निघालं.

विमान विकत घ्यायला आलेल्या पाहुण्यांपैकी एक जण हसला. त्याला ती यजमानांची गंमत वाटली. बाकी कुणी हसलं नाही, कारण त्या जागी रडार असायला हवं होतं आणि त्या रडारसाठीच पाहुणे एवढ्या लांबून आले होते. आवाजाच्या वेगाला मागे टाकणारी लढाऊ विमानं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. ढगाआडचा शत्रू हुडकणारं हे नवं होतं. उड्डाण दोन दिवसांनी होतं, पण एकाने सहज म्हणून आधी रडार दाखवायला सांगितलं, आणि चीफ डिझायनरने मोठ्या तोऱ्यात स्वतःच्या हाताने झाकण उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे पोचले. भानगड झाली की मुख्य कार्यालयाला माझी आठवण येते. तिथे मला 'खडूस' म्हणतात, फक्त तोंडावर म्हणत नाहीत. मला विमानांचं अजिबात कौतुक नाही. माझा उजवा गुडघा दुखरा आहे आणि विमानांच्या शेडमधली फरशी बाराही महिने गारठलेली असते.

पाहुण्यांना 'रडार तपासणीला काढलंय' अशी थाप मारून विश्रामगृहात बसवलं होतं. शेडच्या फाटकावरचा पहारेकरी जेवणाचे डबेसुद्धा उघडून बघायचा. तिथून माणसाएवढं धूड बाहेर जाणं शक्य नव्हतं, तरी सगळी कपाटं, कोठारं, गटाराची झाकणंसुद्धा उघडून झाली होती. रडार नव्हतं.

चीफ खुर्चीतून उठलासुद्धा नाही. पांढऱ्या भुवयांचा, ताठ मानेचा माणूस. माझा वेळ फुकट जाईल याचंच आपल्याला वाईट वाटतं, असं तो म्हणाला.

"चोर कोण ते मला माहीत आहे. संध्याकाळी मी तिला पोलिसांच्या ताब्यात देणार आहे."

"तिला म्हणजे कोणाला?"

"रडारच्या इंजिनिअरला," चीफ म्हणाला. "माझ्या मुलीला."

२

पोटच्या मुलीबद्दल माणूस इतक्या थंडपणे बोलतो तेव्हा मला त्याच्याबद्दलच आधी संशय येतो. पण त्याचा मुद्दा बिनतोड होता. नाकाचं झाकण उघडायला एक खास किल्ली लागते. अशा किल्ल्या दोनच, एक त्याच्याकडे आणि एक मुलीकडे. आणि मुलीने महिन्यापूर्वी राजीनामा दिला होता. प्रतिस्पर्धी कंपनीत तिला मोठी जागा मिळाली होती.

मग त्याने मला न विचारता विमानाची कुळकथा ऐकवली. विमानाचं नाव ससाणा. पहिला ससाणा सुईसारखा सडपातळ होता, सूं करून आवाजाच्या पुढे गेला, पण त्याच्या पोटात इंधन मावेना. दुसऱ्याला मोठं इंजिन दिलं आणि पंखांपाशी कंबर आवळली, म्हणजे हवेचा अडथळा कमी. तिसरा हा, रडारवाला. शिवाय शिकाऊ वैमानिकांसाठी एक दोन सीटांचा, त्याला सगळे दुबैठकी म्हणत. प्रत्येक वेळी कुणीतरी काहीतरी वाढवायला सांगायचं, आणि हा माणूस एकेक किलोसाठी भांडायचा. त्याच्या बोलण्यात विमानाविषयी जी माया होती तिचा शंभरावा हिस्सा मुलीच्या वाट्याला आला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. त्यानंतर त्याने माझ्याशी बोलणं बंद केलं.

मुलगी वेगळ्या खोलीत होती, दाराबाहेर पहारा. डोळे सुजलेले, पण आवाज बापासारखाच करडा. राजीनामा बापाच्या जाचाला कंटाळून दिला, हे तिने लपवलं नाही. रडारचं काम पाच वर्षं तिच्या अंगावर होतं. ते जड होत गेलं की बाप मीटिंगमध्ये चारचौघांत तिला म्हणायचा, माहेरचं लुटून नेतेस तशी विमानाचा वेग लुटतेस.

किल्ली कुठे असते, असं मी विचारलं. घरी, दाराजवळच्या खुंटीवर, बाकीच्या किल्ल्यांबरोबर. घरात कोण कोण? ती आणि नवरा. नवरा म्हणजे ससाण्याचा चाचणी-वैमानिक. अख्खी शेड त्याला 'जावईबापू' म्हणून चिडवायची.

"तो काय म्हणतो या सगळ्यावर?"

"काही नाही. काल बाबा मला सगळ्यांसमोर चोर म्हणाले. तो समोर उभा होता. बुटाकडे बघत होता."

मी उठले. दारापर्यंत गेल्यावर ती मागून म्हणाली, "मॅडम, मला रडार चोरायचंच असतं तर चोरून पळाले असते. एवढा थोरला सिमेंटचा गोळा उचलून त्याच्या जागी कशाला बसवत बसले असते?"

माझ्या मनात नेमका हाच प्रश्न होता.

३

शेडचा फोरमन सगळ्यांवर सारखाच चिडलेला होता. माझ्यावर तर जास्तच, कारण मी काम थांबवलं होतं. गुडघा ठणकत होता म्हणून मी भिंतीशी रचलेल्या वाळूच्या पिशव्यांवर बसले. या पिशव्या इथे कोण आणून टाकतं देव जाणे, असं तो पुटपुटला.

सिमेंटच्या गोळ्याची हकिकत त्याने सांगितली. रडार तयार नव्हतं तेव्हा नाक हलकं पडू नये म्हणून तेवढ्या वजनाचा गोळा ओतून तो आत बसवायचे. तिसऱ्या ससाण्याची जवळजवळ सगळी उड्डाणं त्या गोळ्यावर झाली. पुढे बसतो, काही काम करत नाही आणि सगळं घर त्याच्या वजनाने चालतं, म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं सासरेबुवा. हे सांगताना फोरमन पहिल्यांदा हसला.

"म्हणजे गोळा आणि रडार सारख्याच वजनाचे?"

"ओतला तेव्हा सारखे होते. रडारनं नंतर बाळसं धरलं."

खरं रडार घालून विमान एकदाच उडालं होतं, गेल्या आठवड्यात. तेव्हा काही झालं का? काही नाही, फोरमन म्हणाला, जावईबापू उतरले, ठीक आहे म्हणाले आणि न बोलता निघून गेले. फक्त पुढच्या चाकाचं टायर एका उड्डाणात बाद झालं. नवं टायर होतं. ते बदलायला लागलं याचाच त्याला जास्त राग होता.

मला विमान आतून बघायचं होतं. बाजूला शिडी अडकवलेली होती. कॉकपिटच्या काठाला आकड्यांनी लटकते ती, आणि तिचं खालचं टोक जमिनीपासून चांगलं वीतभर अधांतरी होतं. पहिल्या पायरीलाच माझा गुडघा ओरडला. कशीबशी वर गेले आणि आत पाय टाकणार, तोच फोरमन खालून कडाडला, "पिन?"

मी तशीच थांबले. पंखाखालून एका मेकॅनिकचा आवाज आला, "लावली."

"आता जा," फोरमन म्हणाला.

नंतर त्याने मला समजावलं. सीटखाली स्फोटक असतं. संकटात वैमानिक सीटची कडी ओढतो आणि सीट त्याला घेऊन आकाशात उडते. जमिनीवर असताना चुकून तसं होऊ नये म्हणून सीटला एक पिन लावतात. पिन नसताना कुणाचा पाय कडीत अडकला तर तो छताला जाऊन चिकटेल. बाहेरून पिन दिसत नाही. म्हणून रिवाज असा, की आत हात-पाय घालण्याआधी 'पिन?' विचारायचं आणि जो शेवटी त्या सीटपाशी होता त्यानेच उत्तर द्यायचं. दुसऱ्या कुणी, माहीत असलं तरी, तोंड उघडायचं नाही.

"आणि कुणी उत्तरच दिलं नाही तर?"

"असं होत नाही," फोरमन म्हणाला. "काय वाट्टेल ती भांडणं होवोत, या शेडमध्ये पिनेबाबत आजवर कुणी खोटं बोललेलं नाही."

४

दुबैठकी विमान शेडच्या कोपऱ्यात होतं आणि त्याचा डिझायनर त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभा होता. चीफचं नाव काढताच तो फुटला. त्याचे वैमानिक, त्याची माणसं, त्याची जागा, सगळं चीफने रडारवाल्या विमानासाठी ओढून नेलं होतं. महिनाभर दुबैठकीला कुणी शिवलं नव्हतं. रडार सापडू नये अशी आपली मनापासून इच्छा आहे, असं त्याने स्वच्छ सांगितलं. चोरांत असा मोकळेपणा मी क्वचित पाहिलाय.

"माझ्यावर संशय असेल तर चढा वर, बघा काय लपवलंय ते."

मी शिडीवर पाय ठेवला आणि मनातल्या मनात त्याला दुवा दिला. ही शिडी चक्क जमिनीला टेकलेली होती. गुडघ्याला काही कळलंसुद्धा नाही. पुढची सीट रिकामी. मागच्या सीटवर काहीतरी होतं, वर ताडपत्री. ते काय, असं विचारल्यावर त्याने सांगितलं, की एकटा वैमानिक उडवतो तेव्हा मागे माणसाऐवजी वजन बांधतात, म्हणजे तोल जात नाही. त्यात नवल काहीच नव्हतं. मी खाली उतरले.

मग जावईबापू. तो खिडकीपाशी उभा राहिला, बसला नाही. देखणा, दाढी नीट केलेला, बोलायला तुटक. गेल्या आठवड्याचं उड्डाण? ठीक झालं. रडार? त्याला रडारमधलं काही कळत नाही. नाक शेवटचं उघडं कधी पाहिलं? आठवत नाही. परवा दुपारी चीफने सगळ्यांना कॅन्टीनमध्ये भाषण ठोकायला बोलावलं होतं तेव्हा तो कुठे होता? विश्रांतीच्या खोलीत, झोपला होता. सासऱ्याचं भाषण टाळल्याबद्दल मी त्याला दोष देऊ शकत नव्हते.

"तुमची बायको संध्याकाळी कोठडीत जाईल," मी म्हणाले.

त्याच्या जबड्याची शीर तट्‌कन उडाली. "ती निर्दोष असेल तर सुटेल," तो म्हणाला, आणि मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

चहा घ्यायला बसले तेव्हा फोरमन समोर होता. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हणाले, दुबैठकीची शिडी तेवढी माणसाच्या सोयीची केलीत.

त्याने कप खाली ठेवला. "शिडी सगळ्या ससाण्यांना एकच. चाकंही एकच. विमान जितकं जड तितकं ते चाकांवर खाली बसतं. दुबैठकीच्या नाकात तर काहीच नसतं. तिची शिडी सगळ्यात उंच राहते."

"पण ती टेकलीय," मी म्हणाले.

५

चारच्या सुमारास मी सगळ्यांना दुबैठकीभोवती उभं केलं. चीफ घड्याळ बघत होता. मुलगी दोन पहारेकऱ्यांच्या मध्ये होती. जावईबापू तिच्यापासून लांब, शेपटीपाशी. दुबैठकीवाला आपल्या विमानाच्या पंखावर हात ठेवून, जणू आम्ही ते खाणार होतो. एकमेकांकडे कुणी बघत नव्हतं.

चोर असता तर रडार घेऊन नाक रिकामं ठेवलं असतं, मी म्हणाले. ज्याने हे केलं त्याला नाकात वजन हवं होतं, आणि नेमकं जुनं वजन हवं होतं. म्हणजे त्याला विमान विकायचं नव्हतं, चोरायचं नव्हतं, उडवायचं होतं. त्याला रडार बाहेर न्यायचंही नव्हतं, फक्त चार दिवस नजरेआड करायचं होतं. मग ते अशा ठिकाणी ठेवायचं जिथे ताडपत्रीखाली एक जड वस्तू रोजच असते. तिथे आधी जे होतं, त्या वाळूच्या पिशव्यांवर मी सकाळी अर्धा तास बसले होते.

दुबैठकीवाला ओरडला की हे खोटं आहे, महिनाभरात या सीटला कुणी हात लावलेला नाही.

"कुणीच नाही?" मी विचारलं. सगळ्यांकडे पाहिलं. चीफने मान हलवली. फोरमनने हलवली. जावईबापूंनीही हलवली.

मी शिडी चढले. मागच्या कॉकपिटच्या काठाशी वाकून ताडपत्रीचं टोक धरलं आणि दुखरा पाय उचलला.

"पिन?" मी म्हणाले.

कुणी बोललं नाही. छताच्या पत्र्यावर कबुतरं फिरत होती तेवढाच आवाज. फोरमनने खालून घाबरून सांगितलं, बाई, पाय घालू नका. मी पाय काठापलीकडे नेला.  पाय खाली, आणखी खाली नेला.

"लावली," शेपटीकडून आवाज आला.

६

ताडपत्री काढली तेव्हा रडार शिकाऊ वैमानिकासारखं पट्ट्यांत आवळून बसलेलं होतं. कमरेचा पट्टा, खांद्याचे पट्टे, उरलेलं टोक आत खोचलेलं. मेकॅनिकने बांधलं असतं तर दोरीने बांधलं असतं.

बाकीचं त्याने स्वतःच सांगितलं, शेडच्या फरशीकडे बघत. सगळे कॅन्टीनमध्ये असताना खुंटीवरची किल्ली आणि वजन उचलायचा हातरहाट घेऊन त्याने अदलाबदल केली. गेल्या आठवड्यात उतरताना नाक वर उचललंच नव्हतं. दांडी पोटापर्यंत ओढली तरी नाही. पुढचं चाक आधी आदळलं, विमान दोनदा उसळलं, आणि तो वाचला तो निव्वळ धावपट्टी लांब म्हणून. उद्या पाहुण्यांसमोर त्याला सिमेंटवर उडायचं होतं, आणि मग गुपचूप रडार परत बसवायचं होतं. पाहुणे आधी नाक उघडायला सांगतील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"काय सांगू?" तो म्हणाला. "भ्यालो म्हणून?"

चीफ पुढे आला. आता तो जावयाला अहो-जाहो करायचं विसरला. "भेकड आहेस तू. माझं विमान उत्तम आहे. उद्या दुसरा वैमानिक उडवेल, रडारसकट."

मी फोरमनला ते बाद टायर आणायला सांगितलं. एका बाजूने त्याचे थर उघडे पडले होते. मी ते चीफच्या पायाशी टाकलं. शेपटीत थोडं वजन घातलं असतं तर तोल जमला असता, हे मला फोरमनने चहावर सांगितलं होतं. पण त्याने वेग घटला असता आणि पाहुण्यांना छाती ठोकून सांगितलेला आकडा हुकला असता. टायर एका उड्डाणात का फाटलं, हे चीफला मुलीइतकंच कळत होतं. विमानात खोट निघण्यापेक्षा घरात चोर निघालेला त्याला परवडला. हेही मी सगळ्यांसमोर बोलले. खडूस म्हणतात ते उगीच नाही. उद्याचं उड्डाण मी रद्द केलं, आणि पाहुण्यांना त्याचं कारण मीच सांगेन असंही बजावलं.

चीफ टायरकडे बघत राहिला. नंतर मुलीकडे न बघता निघून गेला.

पहारेकरी बाजूला झाले. ती नवऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही रडेल किंवा त्याला मारेल.

"मला सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर नाकाचे स्क्रू मीच काढून दिले असते."

"तू बाबांना बोलली असतीस."

"बोललेच असते. तुझा जीव होता ना तो." तिचा आवाज तेवढ्यापुरता फाटला आणि पुन्हा करडा झाला. "आणि काल? काल मी चोर ठरले तेव्हा तुला कशाची भीती होती?"

त्याने पुन्हा बुटाकडे पाहिलं. अनोळखी खडूस बाईचा पाय सीटकडे जाताना त्याला गप्प बसवलं नाही, आणि बायकोच्या वेळी दोन दिवस तो सहज गप्प बसला. हे त्याच्याही त्याच क्षणी लक्षात आलं असावं, कारण त्याचा चेहरा पार उतरला.

रडार शाबूत आहे का, हे तिच्याशिवाय कुणाला तपासता येत नव्हतं. तिने बाह्या वर केल्या आणि दुबैठकीची शिडी चढली. मागच्या सीटच्या काठाशी थांबली.

"पिन?"

"लावली," तो खालून म्हणाला. अगदी हळू.

ती आत गेली नाही. तशीच शिडीवर उभी राहिली, काठाला धरून.

"फोरमनकाका," ती म्हणाली, "तुम्ही वर या आणि डोळ्यांनी बघून सांगा."

 असं तिथे आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. फोरमनने जावईबापूकडे पाहिलं नाही. तो दुसऱ्या बाजूने शिडी लावून वर चढला, आत वाकला, आणि त्याने बराच वेळ घेऊन बघितलं.

"लावलेली आहे, पोरी," तो म्हणाला.

मग तिने पाय आत टाकला.